कागदावर नसलेलं काम

संरक्षण खात्याच्या एका भांडार-दुरुस्ती आस्थापनेत माझी सगळी नोकरी गेली. लागलो चार्जमन म्हणून आणि २०१९ साली निवृत्त झालो फोरमन म्हणून. त्यातली निम्म्याहून जास्त वर्षं माणसं कमी करण्यात गेली. कमी करा, हे वरून यायचं. पण कोणती जागा सोडायची, कोणतं काम ठेक्यावर द्यायचं आणि ठेक्यात काय लिहायचं, याचा तक्ता माझ्यासारखा कोणीतरी भरायचा. मी भरलेल्या तक्त्यांची किंमत दुसऱ्यांनी मोजली, म्हणून हे लिहितो आहे. आस्थापनेचं नाव देत नाही. सह्या माझ्या होत्या.

मी डोंबिवलीचा. ठाण्यापासून बदलापूरपर्यंतच्या पट्ट्यात आमच्यासारखे नागरी कर्मचारी घरोघरी सापडतात. कोणी गोदीत, कोणी भांडारात, कोणी एमईएसमध्ये, म्हणजे लष्कराच्या बांधकाम-देखभाल सेवेत, कोणी अंबरनाथच्या कारखान्यांत. अंगावर गणवेश नसतो, त्यामुळे आम्ही सैन्यासाठी राबतो हे शेजाऱ्यालाही पटकन कळत नाही. सैन्यात कपात झाली की बातमी होते, आमच्या जागा मात्र सेवानिवृत्तीच्या निरोप समारंभात नारळ आणि शालीबरोबर निघून जातात.

आमच्याकडे हे खऱ्या अर्थाने सुरू झालं ते १६ मे २००१ च्या ज्ञापनाने. केंद्राच्या कार्मिक खात्याने सांगितलं की थेट भरतीच्या रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी एक तृतीयांशच भरायच्या, त्याही एकूण मंजूर संख्येच्या एक टक्क्याच्या आत, आणि उरलेल्या रद्द करायच्या. हिशेब असा होता की वर्षाला साधारण तीन टक्के लोक निवृत्त होतात, एक टक्का भरला तर दोन टक्के आपोआप कमी होतील. कोणाला काढायचं नाही, कोणाचं पोट मारायचं नाही. त्या वेळी मला हे शहाणपणाचं वाटलं होतं आणि त्यातला काही भाग आजही वाटतो. पण निवृत्ती वयाने येते, कामाची गरज बघून येत नाही. ज्या शॉपमध्ये म्हातारी माणसं जास्त, ते शॉप आधी रिकामं झालं. आमच्याकडे ते खलाश्यांचं होतं. जड सामान बांधणं, उचलणं, उतरवणं हे त्यांचं काम. त्यांच्या जागा एकेक करून गेल्या आणि नव्या भरल्या गेल्याच नाहीत.

मग २००८ मध्ये सहावा वेतन आयोग आला. त्यात 'ड' वर्ग मोडीत निघाला. मजदूर, सफाईवाला, चौकीदार ही कामं शक्य तिथे बाहेरून करून घ्यावीत असा सूर सगळीकडे लागला. आमच्याकडून तक्ता मागवला. रकाने ठरलेले: पदनाम, मंजूर, प्रत्यक्ष, रिक्त, कामाचं स्वरूप, शेरा. मजदुरांच्या रकान्यात मी लिहिलं, 'माल उचलणे-ठेवणे, साफसफाई. कंत्राटी पद्धतीने शक्य.' लिहायला फारसा वेळ लागला नाही. पदनामावरून काम काय असेल ते मी ठरवलं. भांडारात जाऊन एक दिवस उभा राहिलो असतो तर तसं लिहिलं नसतं.

त्या मजदुरांत एक होते, त्यांना सगळे बुवा म्हणायचे. बदलापूरहून सुटणाऱ्या सकाळच्या लोकलमध्ये भजनी मंडळ असायचं, त्यात ते ढोलकी वाजवायचे. शिक्षण चौथी-पाचवीपर्यंत. भांडारातल्या सुट्या मोटरींच्या कपाटांकडे त्यांची नेमणूक होती. पंपाच्या, ब्लोअरच्या, होइस्टच्या विद्युत मोटरी लाकडी पेट्यांत ठेवलेल्या असायच्या. काही वर्षानुवर्षं पडून असत, कारण त्या सुट्या भागांची गरज कधी लागेल ते सांगता येत नाही आणि लागते तेव्हा लगेच लागते.

बुवा दर महिन्याला प्रत्येक पेटीची वरची फळी काढायचे. शाफ्टच्या टोकावरचा ग्रीस लावलेला कागद सोडवायचे, शाफ्ट हाताने चार-पाच वेळा फिरवायचे आणि थांबवताना आधीच्या जागेपासून पाव फेरा पुढे थांबवायचे. कुठे थांबवला ते कळावं म्हणून टोकावर खडूने रेघ मारलेली असायची. या महिन्यात रेघ वर, पुढच्या महिन्यात उजवीकडे, मग खाली. शाफ्ट पुन्हा ग्रीस लावून गुंडाळायचे. पेटीतली सिलिका जेलची पुडी निळी आहे की गुलाबी पडली ते बघायचे. गुलाबी म्हणजे तिने ओल पिऊन घेतली. मग ती भट्टीवर तापवून पुन्हा निळी करून आत ठेवायची. पावसाळ्यात हे महिन्यातून दोनदा चालायचं.

याची गरज काय ते इथे सांगतो, कारण तेव्हा ते नीट सांगणारा आमच्यात उरला नव्हता. मोटर पडून असली की रोटरचं सगळं वजन बेअरिंगच्या त्याच दोन-चार गोळ्यांवर राहतं. तिथलं ग्रीस बाजूला सरकतं. आजूबाजूने फोर्कलिफ्ट गेली, जड पेटी आदळली, की बारीक थरथर त्याच जागी बसत राहते. त्यात मुंबईची दमट हवा. गोळ्या जिथे टेकल्या असतील तिथे खाचेत बारीक तपकिरी रेघा पडतात. बाहेरून मोटर नवीकोरी दिसते, पाटीवरचा रंगही उडालेला नसतो.

बुवा निवृत्त झाले, जागा सरेंडर झाली. भांडारात ठेक्याची मुलं आली. ठेक्यात लिहिलं होतं तेवढं त्यांनी नीट केलं. माल उचलला, ठेवला, जमीन झाडली, पेट्यांवरची धूळसुद्धा पुसली. पेटी उघडायची असते हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं आणि उघडली असती तर उलट ओरडा बसला असता.

दोन-तीन पावसाळे गेल्यावर एक मोटर मागणीवर बाहेर गेली. बसवली, चालू केली, आणि घर्रर्र असा आवाज. उतरवून परत आली. मेगर लावला तर इन्सुलेशनचं रीडिंग एक मेगओहमच्याही खाली. बेअरिंग काढून पुसून उजेडात धरलं, तर आतल्या खाचेत सारख्या अंतरावर रेघा, दोन गोळ्यांमध्ये असतं तितक्याच अंतरावर. आमच्या जुन्या इलेक्ट्रिशियनने ते माझ्या हातात दिलं आणि विचारलं, "साहेब, शाफ्ट कोण फिरवत होतं?" मला उत्तर माहीत नव्हतं. त्या दिवशी मी बाकीच्या पेट्या उघडायला लावल्या. काही शाफ्ट हाताने फिरतच नव्हते.

मी बदलापूरला बुवांच्या घरी गेलो. त्यांनी सगळं सांगितलं, ते मी वर लिहिलं आहे. हे त्यांना नोकरीच्या सुरुवातीला एका वायरमनने शिकवलं होतं. निवृत्त होताना त्यांनी स्टोअरकीपरला सांगितलंही होतं, पण स्टोअरकीपरची पुढे बदली झाली. मी जरा चिडूनच म्हणालो की मला का सांगितलं नाही. ते म्हणाले, "ते काम माझ्या नावावर नव्हतंच हो. चार्ज देताना काय लिहून देणार?"

परत आल्यावर मी ठेक्याच्या अटींत नवीन कलम घातलं: साठवणीतल्या यंत्रांची मासिक देखभाल, त्यासाठी शिकलेला एक माणूस, तपासणीची नोंदवही. फाईल लेखा विभागाकडे गेली आणि शेरा आला की हे काम यापूर्वी कोण करत होते, ते कळवावे. कागदावर कोणीच करत नव्हतं. आमच्याच तक्त्यात मजदुरांपुढे 'उचलणे-ठेवणे, साफसफाई' असं लिहिलेलं होतं आणि खाली माझी सही. जे काम पूर्वी नव्हतं त्यासाठी आता खर्च का, हा त्यांचा प्रश्न नियमाने बरोबर होता. ती फाईल मंजूर व्हायला एक आर्थिक वर्ष उलटलं. तोवर शाफ्ट कोण फिरवत होतं? मी आणि तो इलेक्ट्रिशियन, जेवणाच्या सुट्टीनंतर. म्हणजे पुन्हा तेच काम, पुन्हा कागदाबाहेर.

ठेका वाईट, कायम नोकरी चांगली, असं मी म्हणत नाही. लष्करी गोशाळांचं उदाहरण घ्या. पहिली १८८९ मध्ये अलाहाबादला निघाली, कारण तेव्हा छावणीला स्वच्छ दूध मिळायची दुसरी सोय नव्हती. पुण्याजवळ पिंपरीतही अशी गोशाळा होती. पुढे सहकारी दूध संघ आले, पिशवीतलं दूध कोणत्याही छावणीच्या दारात पोहोचायला लागलं. ३१ मार्च २०२१ ला या गोशाळा औपचारिकपणे बंद झाल्या. मला त्यात चूक दिसत नाही. दूध आलं की नाही, चांगलं आहे की नाही, ते त्याच सकाळी कळतं. न फिरवलेला शाफ्ट तीन वर्षांनी कळतो. जे काम झालं नाही हे लगेच कळतं ते खुशाल बाहेर द्या. जे कळायला वर्षं लागतात ते देताना आधी ते काम काय आहे ते पूर्ण लिहून काढा, आणि लिहिता येत नसेल तर देऊ नका.

मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना २०१६ मध्ये लेफ्टनंट जनरल दत्तात्रय शेकटकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिचा अहवाल त्याच वर्षी डिसेंबरात आला आणि २०१७ च्या ऑगस्टमध्ये सरकारने ६५ शिफारशी स्वीकारल्याचं जाहीर केलं. सुमारे ५७,००० सैनिक आणि नागरी कर्मचारी दुसऱ्या कामांवर वळवायचे होते. गोशाळा, शांतता क्षेत्रातली लष्करी टपाल कार्यालयं, वर्कशॉप, ऑर्डनन्स भांडारं, वाहतूक, सगळ्याची फेरमांडणी. लढणाऱ्या हाताला जास्त पैसा मिळावा हा त्यामागचा विचार योग्यच होता. खडकीच्या ५१२ आर्मी बेस वर्कशॉपसारख्या ठिकाणी यंत्रं आणि जागा सरकारची, चालवणार ठेकेदार, अशा पद्धतीचीही चर्चा झाली. पुढे मे २०२० मध्ये एमईएसमधल्या ९,३०४ जागा रद्द करायला मंजुरी मिळाली, रिक्त असलेल्या १३,१५७ पैकी. बातमी वाचून आमच्या सोसायटीतले एक गृहस्थ म्हणाले, रिकाम्याच होत्या ना, मग बिघडलं काय? मी त्यांच्याशी वाद घातला नाही. पण रिकाम्या जागेचं काम रिकामं नसतं. पंप चालूच असतो, पाणी सुटतच असतं, कोणीतरी व्हॉल्व्ह उघडत असतो. ते काम कोणाच्या नावावर आहे एवढाच प्रश्न असतो.

आणि इथे मला माझी दुसरी चूक सांगायची आहे. ती पहिलीपेक्षा मोठी आहे, कारण पहिलीत मला माहीत नव्हतं, हिच्यात होतं.

खलाशी संपले तेव्हा उचलीचं काम थांबलं नाही. आमच्याकडे ठेका होता तो सफाईचा. त्यातली तरणी मुलं आम्ही भांडारात वळवायला लागलो. सगळेच करतात, असं मी स्वतःला सांगितलं. गेट पासवर 'हाउसकीपिंग', मस्टरवर 'हाउसकीपिंग' आणि प्रत्यक्षात क्रेनखाली. मुलं दिवा, मुंब्रा, कल्याण पूर्वेकडची. हुशार, चटपटीत, कशालाही नाही न म्हणणारी. नाही म्हणाल तर उद्या गेटवर पास मिळणार नाही, हे त्यांना पक्कं माहीत होतं.

लोखंडी दोरीची स्लिंग पेटीखालून घेऊन हुकात अडकवली की क्रेनवाला ढील काढतो, म्हणजे सैल दोरी ताठ होते. त्या क्षणी कोणाचाही हात दोरीवर नको. पट्टीचा खलाशी ढील काढायच्या आधी दोन्ही हात वर करून दाखवतो, आणि ते दिसल्याशिवाय क्रेनवाला बटण दाबत नाही. इतकी साधी गोष्ट, पण ती कोणीतरी शिकवावी लागते. दिव्याच्या एका मुलाने स्लिंग सरळ करायला हात घातला आणि तेवढ्यात दोरी ताणली गेली. उजव्या हाताचं मधलं बोट चेपलं. पुढचं पेर वाचलं नाही.

अपघाताची नोंद मी केली. लिहिलं, 'साफसफाई करीत असताना पेटी सरकून दुखापत.' मला कोणी तसं लिहायला सांगितलं नव्हतं. खरं लिहिलं तर सफाईच्या ठेक्यातला माणूस क्रेनखाली काय करत होता, हा प्रश्न उभा राहणार होता आणि उत्तर माझ्याकडून मागितलं जाणार होतं. १९७० चा कंत्राटी कामगार कायदा मला माहीत होता. ठेकेदाराने मजुरी बुडवली तर ती द्यायची जबाबदारी मुख्य मालकावर येते, मजुरी वाटताना त्याचा माणूस हजर असावा लागतो, हे मी नव्या सुपरवायझरना शिकवायचो. तो हजर माणूस कित्येकदा मीच असायचो.

त्या मुलाला ईएसआयचे उपचार आणि रजेचे पैसे मिळाले. याचाच आधार घेऊन मी बरेच दिवस मनाची समजूत घातली की त्याचं नुकसान झालं नाही. पण खोट्या नोंदीमुळे चौकशी साफसफाईची झाली. पेट्या नीट रचाव्यात, असा परिपत्रकवजा कागद निघाला. स्लिंग बांधायचं प्रशिक्षण, शिकलेल्या खलाश्यांचा वेगळा ठेका, क्रेनवाल्याला इशारा देणारा एक ठरलेला माणूस, यातलं काही निघालं नाही, कारण कागदावर उचलीच्या कामात अपघात झालाच नव्हता. पुढच्या वर्षी ठेका नूतनीकरणाला आला तेव्हा अटी त्याच राहिल्या. ठेकेदार बदलला. नव्या ठेकेदाराने जुनी बहुतेक मुलं घेतली, त्याला घेतलं नाही.

निवृत्त झाल्यावर मी त्याला शोधून भेटलो आणि नोंद काय केली होती ते सांगितलं. त्याला ते तेव्हाच कळलं होतं. जबाबावर त्याची सही घेतली होती ना! "वाचून घेतलं होतं मी, साहेब," तो म्हणाला, "पण तुम्ही समोर उभे होता." त्यानंतर त्या अपघाताची खरी हकीकत लिहून मी आस्थापनेला रजिस्टर्ड पोस्टाने पाठवली. पोच आली आहे.

तिसरी गोष्ट घरातली. माझा भाचा, कल्याण पूर्वेला राहणारा. आयटीआय फिटर, त्यानंतर एका संरक्षण कारखान्यात ॲप्रेंटिसशिप. तिथलं काम त्याला मनापासून आवडलं होतं. भरती निघेल, ॲप्रेंटिस केलेल्यांना संधी मिळेल, या आशेवर तो थांबला होता. २०१९ मध्ये तळोज्याच्या एका खासगी कंपनीत त्याला कायम नोकरी मिळत होती. तो मला विचारायला आला. मी म्हणालो, थांब.

माझ्या सल्ल्याला कारणं होती. कारखान्यांचं महामंडळ करणार हे मी वीसेक वर्षं ऐकत होतो. २००० मध्ये नायर समितीने सुचवलं, विजय केळकरांच्या समितीने सुचवलं, २०१५ मध्ये रमण पुरी समितीने सुचवलं. दर वेळी संघटना उभ्या राहिल्या आणि विषय मागे पडला. २० ऑगस्ट २०१९ पासून देशभरातल्या कारखान्यांत संप झाला, बोलणी झाली, आठवड्याच्या आत तो मागे घेतला गेला. बघ, पुन्हा टळलं, असं मी त्याला फोन करून सांगितलं. इतक्या वेळा टळलेली गोष्ट पुढेही टळेल, यालाच मी अनुभव समजत होतो.

मे २०२० मध्ये अर्थमंत्र्यांनी महामंडळ करण्याची घोषणा केली. १६ जून २०२१ ला मंत्रिमंडळाने मंजुरी दिली. ३० जूनला अत्यावश्यक संरक्षण सेवांमधल्या संपावर बंदी आणणारा अध्यादेश निघाला. १ ऑक्टोबरला ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्ड बरखास्त झालं आणि ४१ कारखाने सात कंपन्यांत वाटले गेले. १५ ऑक्टोबरला दसरा होता, त्या दिवशी पंतप्रधानांनी त्या कंपन्या राष्ट्राला अर्पण केल्या. आदल्या दिवशी, खंडेनवमीला, कारखान्यांतली माणसं यंत्रांना हळद-कुंकू वाहतात. अंबरनाथचे दोन कारखाने, दोन्ही १९५०च्या दशकातले, एकाच गावातले. ऑर्डनन्स फॅक्टरी गेली यंत्र इंडियाकडे, म्हणजे मुख्यालय नागपूरला. मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी गेली आर्मर्ड व्हेइकल्स निगमकडे, म्हणजे मुख्यालय चेन्नईजवळ आवडीला. जुन्या कर्मचाऱ्यांना प्रतिनियुक्तीवर धरून त्यांच्या सेवाशर्ती राखल्या. जे अजून लागलेच नव्हते त्यांच्यासाठी राखण्यासारखं काही नव्हतं.

भाच्याची तळोज्याच्या नोकरीची संधी तोवर गेली होती. आता तो अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीत एका लहान युनिटमध्ये सीएनसीवर असतो. जॉबवर्क येतं तसं काम, नाही आलं तर घरी. मला त्याने एका शब्दाने दुखावलेलं नाही. बहिणीने मात्र एकदा विचारलं, तू त्याला स्वतःच्या माहितीवर थांबवलंस की स्वतःच्या इच्छेवर? मी खूप विचार केला. इच्छेवरच.

आता मी घरी आहे, आणि फोन येतात. जुन्या क्रेनचा ब्रेक लागत नाही, अमक्या पंपाचं गॅस्केट कोणत्या जाडीचं, तमक्या कपाटाची किल्ली कोणाकडे असायची. मी सांगतो. मला आठवलं नाही तर टिटवाळ्याच्या एका निवृत्त खलाश्याचा किंवा त्या इलेक्ट्रिशियनचा नंबर देतो. कमी झालेल्या माणसांवर आस्थापना चालते आहे ती बरीचशी अशी, पेन्शनरांच्या फोनवर. मदत करायला बरं वाटतं. सुरुवातीला मी ती मोकळ्या मनाने केली. मग लक्षात आलं की मी बुवांच्याच जागी बसलो आहे. प्रत्येक फोनने एक अडचण सुटते आणि त्या कामाला माणूस लागतो याचा पुरावा नाहीसा होतो. पुढच्या तक्त्यात कोणीतरी पुन्हा 'आवश्यकता नाही' लिहिणार आणि त्याची सहीही प्रामाणिक असणार.

म्हणून हल्ली मी फोनवर एवढंच सांगतो की तातडीचं असेल तर आत्ता विचारा, पण पाठोपाठ तोच प्रश्न लेखी पाठवा, आस्थापनेच्या शिक्क्यानिशी. मी लेखी उत्तर देईन, पैसे नकोत. फाईलला लावा. तिथल्या तरुण सुपरवायझरला हे आधी कटकटीचं वाटलं. गेल्या पावसाळ्याआधी त्याचं पहिलं पत्र आलं, सुट्या मोटरींच्या साठवणीबद्दल. उत्तर लिहायला मी बुवांना बदलापूरहून बोलावून घेतलं होतं. त्यांनी सांगितलं, मी लिहिलं, आणि खाली आम्हा दोघांच्या सह्या आहेत.